रीफ टँकमध्ये काही बिघडलं आणि जीव गेले, तर आधी काय करायचं आणि नंतर काय

ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर, कुठेही फ्लॅटमध्ये नवीन रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे असलेला) लावला असेल तर हे एकदा निवांत वाचून ठेवा, कारण गरज पडते तेव्हा वाचत बसायला वेळ नसतो. टँक कसा लावायचा हे सांगणारे भरपूर भेटतात, पण चिलर (पाणी थंड ठेवणारं मशीन) बंद पडला, पंप जाम झाला, सकाळी उठून बघतो तर दोन मासे आडवे, अशा वेळी नेमका हात आधी कुठे घालायचा हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे ऐन मे महिन्यात चिलरचा कॉम्प्रेसर गेला आणि त्यात हॅमर कोरलची मोठी कॉलनी, एक क्लीनर श्रिंप आणि माझ्या मुलीचा लाडका यलो टँग मासा गेला. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या आठवड्यात आणि नंतर जे कळत गेलं ते इथे क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मशीन बंद पडल्या पडल्या सहसा कोणी मरत नाही. आधी पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग जे मेलंय ते कुजून अमोनिया वाढतो, आणि त्यातून जे वाचलेलं असतं ते आपण घाबरून एकाच दिवशी सगळं बदलतो म्हणून जातं. त्यामुळे क्रम असा ठेवा: हवा, तापमान, मेलेले जीव बाहेर, अमोनिया. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट, कोरल सांगाडा बनवायला वापरतात ते), नायट्रेट, लाइटचं शेड्यूल वगैरे सगळं त्यानंतर.

घरात आधीपासून काय हवं

- बॅटरीवरचा एअर पंप, दोन एअर स्टोन आणि जादा सेल. वीज गेली की आपोआप सुरू होणारा मिळाला तर तोच घ्या
- एक जादा वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा छोटा पंप), जुना चालेल पण चालू करून तपासलेला
- फ्रीझरमध्ये पाणी भरून गोठवलेल्या एक लिटरच्या चार-पाच बाटल्या, लेबल काढून धुतलेल्या
- झाकणाच्या ड्रममध्ये निदान ४०-५० लिटर आरओडीआय पाणी (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं शुद्ध पाणी) आणि तेवढ्याला पुरेल इतकं समुद्री सॉल्ट
- रिफ्रॅक्टोमीटर (क्षार म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायला) आणि ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन लिक्विड
- अमोनिया आणि अल्कलिनिटीचे टेस्ट किट (एक्स्पायरी बघा, जुना किट खोटं रीडिंग देतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवून बसतो)
- अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि जाळीची पिशवी
- दोन थर्मामीटर, वेगवेगळ्या कंपनीचे
- कोपरापर्यंत येणारे ग्लोव्ह्ज आणि डोळ्यांवर लावायचा गॉगल
- कागद: प्रत्येक मशीनचं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, सीरियल नंबरचा फोटो, आणि कोरल घेतल्याची बिलं

पाण्याचं जरा जास्तच मनावर घ्या. आपल्याकडे सोसायटीची टाकी धुवायचा दिवस, शटडाऊनचा दिवस आणि टँक बिघडायचा दिवस कधी एकत्र येतील सांगता येत नाही, आणि आरओडीआय युनिट तासाला थोडंसंच पाणी काढतं. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी म्हणजे आरओडीआय नव्हे, त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) शिल्लक असतो. टँकसाठी मीटरवर शून्य दिसायला हवं.

१. आधी मेन स्विच, मग पाण्यात हात

टँकखाली पाणी सांडलेलं असेल, हीटरची काच तडकलेली दिसत असेल किंवा पाण्यात बोट घातल्यावर झिणझिणी आली, तर टँकच्या सर्किटचा एमसीबी खाली करा आणि मगच पुढचं. मीठ उडून पांढरं जमलेलं एक्स्टेंशन बोर्ड हे आपल्या छंदातलं सगळ्यात धोकादायक सामान आहे असं माझं ठाम मत आहे. टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, सोसायटीच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं तरी तो बसवून देतो. बोर्ड टँकच्या पातळीपेक्षा वर लावा आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली जरा लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली पडतं.

२. पाण्याला हवा द्या

खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलीग्रॅम तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि पाणी तापलं की अजून कमी. म्हणून उन्हाळ्यात वीज गेली की तापमान चढतं आणि हवा संपते, दोन्ही एकदम. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं उशीर होत चाललाय.

काय करायचं तर पाण्याचा वरचा थर हलत ठेवायचा, बस. बॅटरीचा एअर पंप लावा. तो नसेल तर जगने पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता, दर पाच-दहा मिनिटांनी, घरातल्या सगळ्यांना पाळी लावा, हा उपाय साधा वाटतो पण जीव वाचवतो. झाकण काढा. खायला अजिबात घालू नका, निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी आरामात राहतात, आणि न खाल्लेलं अन्न उरलेला ऑक्सिजन खातं. दिवसा पडदे उघडे ठेवा, उजेडात कोरलमधलं शैवाल थोडा ऑक्सिजन बनवतं, फक्त थेट ऊन टँकवर येऊ देऊ नका.

आता इन्व्हर्टरबद्दल, कारण नवीन लोक इथेच गोंधळतात. आपल्या घरी असतो त्या १५० एएच, १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात, हातात त्याच्या निम्मेच धरा, म्हणजे ९००. एक डीसी वेव्हमेकर आणि एक छोटा रिटर्न पंप (टँकखालच्या टाकीतलं, म्हणजे संपमधलं, पाणी वर पाठवणारा) मिळून ४० वॅट खात असतील तर वीसेक तास निघतात, पण त्याच इन्व्हर्टरवर तीन पंखे आणि टीव्ही असेल तर हा हिशोब चार-पाच तासांवर येतो. चिलर इन्व्हर्टरवर लावायचा विचार सोडून द्या, कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम खूप करंट ओढतो. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात आणि तापतात. परवडत असेल तर फक्त वेव्हमेकरसाठी एक वेगळी बॅटरी ठेवा, बाकी घर अंधारात राहिलं तरी चालेल.

हे जास्त वाटत असेल तर १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड बंद पडलं आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. महावितरणकडे मोबाइल नंबर रजिस्टर करून ठेवा, आधी ठरवलेल्या शटडाऊनचा एसएमएस येतो, तेवढी तरी तयारी करता येते.

३. तापमान, पण हळूहळू

रीफ टँक २४ ते २७ डिग्रीत सुखी असतो. ३० च्या वर काही दिवस राहिला की कोरल आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बंद घरात तापमान ३३-३४ सहज जातं, म्हणजे चिलर बंद म्हणजे काही तासांचा खेळ.

गोठवलेल्या बाटल्या बंद झाकणासकट संपमध्ये सोडा, बर्फ थेट टाकू नका, नाहीतर नळाचं क्लोरीनवालं गोडं पाणी टँकमध्ये जातं. साधारण हिशोब सांगतो: २०० लिटरच्या टँकमध्ये एक-एक लिटरच्या दोन बाटल्या पूर्ण वितळल्या की पाणी जेमतेम एक डिग्री उतरतं. म्हणजे ३२ वरून २७ वर यायला दहा बाटल्या, आणि बाहेरची उष्णता आत येत राहते ती वेगळीच. त्यामुळे एसी असलेल्या खोलीत टँक असेल तर सरळ एसी लावा आणि बाटल्यांवर कमी विसंबा. तासाला एक डिग्रीपेक्षा जोरात उतरवू नका.

संपवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, मे महिन्यात हा उपाय बरा चालतो. जून-जुलैत हवेत इतकी ओल असते की पंख्याचा फरक खूपच कमी पडतो, ते गृहीत धरूनच चला. पंखा चालू असेल तर रोज टॉप-अपचं पाणी वाढतं, ते विसरलात तर क्षार चढतात.

४. मेलेले जीव शोधून काढा

सगळे मोजा. मासे, श्रिंप, हर्मिट खेकडे, गोगलगायी, अ‍ॅनिमोन. जो दिसत नाही तो दगडांमागे, ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (वरचं पाणी जिथून संपमध्ये उतरतं तो कप्पा), संपमध्ये किंवा जमिनीवर कपाटाखाली असेल. एक मेलेला टँग छोट्या टँकमध्ये एका रात्रीत अमोनिया वर नेऊ शकतो. अ‍ॅनिमोन वेव्हमेकरमध्ये ओढला जाऊन चिरडला गेला असेल किंवा सी-ककंबर मेला असेल तर विष पाण्यात सुटतं, मग वेळ न घालवता कार्बन लावा, पाणी बदला आणि तो कार्बन दोन दिवसांत फेकून नवीन घाला.

मासा जिवंत आहे पण वाचणार नाही हे दिसत असेल तर त्याला तसाच तडफडत ठेवू नका. लवंगेचं तेल थोड्या कोमट पाण्यात खूप हलवून दुधाळ करायचं, वेगळ्या डब्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात मासा ठेवायचा आणि ते हळूहळू ओतायचं. आधी तो झोपतो. मग लिटरला साधारण ०.४ मिलीच्या हिशोबाने तेल पूर्ण करायचं आणि कल्ले हलायचे थांबल्यावरही निदान दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. करताना हात थरथरतो, पण त्या जीवासाठी तेच बरं असतं.

५. अमोनिया

रीफ टँकमध्ये अमोनिया शून्य असतो, काहीही दिसला तरी तो जास्तच. आपलं पाणी ८.२ पीएचच्या आसपास असतं आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकवाल्या मित्राने "एवढ्याने काही होत नाही" म्हटलं तरी ऐकू नका.

पाणी बदला, २५-३० टक्के. एक लक्षात घ्या, ३० टक्के पाणी बदललं की अमोनियाही तेवढाच, ३० टक्केच कमी होतो, १ पीपीएमचा (लिटरला १ मिलीग्रॅम) ०.७ होतो. दुसऱ्या दिवशी परत केलं की ०.४९. म्हणून दोन-तीन दिवस सलग करायची तयारी ठेवा. नवीन पाण्याचे क्षार आणि तापमान टँकइतकेच हवेत. सॉल्ट पाण्यात टाकायचं, सॉल्टवर पाणी ओतायचं नाही, आणि पंप लावून नीट विरघळू द्यायचं. वाशी खाडीचं किंवा कुठल्याही किनाऱ्यावरचं पाणी आणायचा सल्ला मिळेल, फुकट आहे म्हणून, तो अजिबात ऐकू नका.

दगड स्वच्छ करू नका, वाळू उकरू नका, फिल्टर मीडिया धुवू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच असतात. याला अपवाद एकच: कॅनिस्टर फिल्टर किंवा मीडिया भरलेला झाकणबंद रिअ‍ॅक्टर काही तास बंद होता, तर तो तसाच चालू करायचा नाही. आतलं पाणी सडून हायड्रोजन सल्फाइड झालेलं असू शकतं, सडक्या अंड्याचा वास येतो. उघडा, पाणी फेका, मीडिया टँकच्या पाण्यात खंगाळा, मग चालू करा. वीज आल्यावर सगळे आनंदाने बटणं दाबतात आणि अर्ध्या तासात उरलेले मासे जातात, ते बऱ्याचदा यामुळे.

६. आता बघा कोणतं मशीन गेलंय

रिटर्न पंप: निम्म्या वेळा तो जळलेलाच नसतो, आत गोगलगाय किंवा कॅल्शियमचा थर बसलेला असतो. इम्पेलर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात तासभर ठेवा, ब्रशने घासा. पण इम्पेलरचं चुंबक फुगलंय किंवा गंज दिसतोय तर तो परत टँकमध्ये घालू नका, त्यातून धातू पाण्यात उतरतात. पंप बंद झाल्यावर वरचं पाणी खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. टँक नवीन असतानाच मुद्दाम पंप बंद करून बघा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतील छत ओलं झालं म्हणून.

हीटर: आपल्याकडे वर्षभर लागत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आणि एसीच्या खोलीत लागतो. तो बहुतेक वेळा "चालूच राहून" बिघडतो, आतला संपर्क चिकटतो आणि पाणी शिजतं. २०० वॅटचा एक घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्या आणि बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर लावा. असे कंट्रोलर आणि जादा रिले लॅमिंग्टन रोडला मिळतात.

चिलर: मेकॅनिकला फोन करायच्या आधी त्यातून जाणाऱ्या पाण्याचा जोर बघा, पंप कमी पडला की चिलर एरर दाखवतो. मागची जाळी धूळ आणि मिठाने भरलेली असते, ब्रशने साफ करा. बंद कपाटात ठेवलाय का? मग तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. ओळखीचा एसीवाला कपॅसिटर आणि रिले बघू शकतो, पण पाणी जातं ती टायटॅनियमची कॉइल उघडू देऊ नका. आणि मार्चमध्येच सर्व्हिस करून घ्या, मेमध्ये सगळ्यांचेच एसी बंद पडलेले असतात, तुमच्याकडे कोण येणार?

एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं मशीन): सेन्सरवर शेवाळ किंवा गोगलगाय बसली की तो गोडं पाणी ओततच राहतो. २०० लिटरच्या टँकमध्ये २० लिटर गोडं पाणी जास्त गेलं तर ३५ चे क्षार ३२ च्या खाली येतात, वाचण्यासारखं आहे. १०० लिटरचा ड्रम जोडलेला असेल तर सगळं संपलं. म्हणून एटीओची टाकी लहानच ठेवा. क्षार परत वर आणायला घाई नको, टॉप-अपला गोड्याऐवजी ३५ पीपीटीचं खारं पाणी घाला, दिवसाला चार लिटर उडत असेल तर रोज पाऊण पीपीटीच्या आसपास आपोआप चढतं.

डोसिंग पंप (अल्कलिनिटी वगैरेचं द्रावण ठरल्या मापात घालणारा): अडकून जास्त अल्कलिनिटी गेली तर पाणी धुरकट पांढरं होतं. डोसिंग बंद करा आणि कोरलना ते वापरू द्या, सोबत थोडं थोडं पाणी बदला. उतरवायला अ‍ॅसिड वगैरे काहीही घालू नका. दिवसाला १ डीकेएचपेक्षा (हे अल्कलिनिटीचं माप) जास्त बदल कोणत्याच दिशेने नको.

७. कोरल पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे

ही चूक फार होते आणि जिवंत कोरल कचऱ्यात जातात. जवळून बघा. पांढरं असलं तरी वर मऊ मांस आहे, पॉलिप (कोरलचे छोटे छोटे जीव) थोडे बाहेर येतात, तर ते जिवंत आहे, फक्त त्याचं शैवाल गेलंय. लाइट निम्म्यावर आणा आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवा, आठवड्यातून दोन-तीनदा अगदी बारीक खाणं द्या, जागा बदलत बसू नका. रंग यायला महिने लागतात.

मांस सोलून सांगाडा दिसायला लागला असेल तर तो भाग वाढत जाईल, मग चांगली फांदी कापून वेगळा फ्रॅग (छोटा तुकडा) करा. हॅमर आणि टॉर्च कोरलवर तपकिरी चिकट जेली दिसली तर ती पंप बंद करून पाइपने ओढून बाहेर काढा, ते डोकं कापा, बाकीचं डिप करून (कोरलच्या औषधी पाण्यात बुडवून) शक्य असेल तर वेगळं ठेवा. ही जेली प्रवाहाबरोबर शेजारच्या डोक्यांवर गेली की पूर्ण कॉलनी जाते. आमची तशीच गेली.

झोआ आणि पॅलिथोआ (बटणांसारखे मऊ कोरल) असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, त्याची वाफ छातीत गेली तर घरातल्या सगळ्यांना हॉस्पिटलमध्ये जावं लागेल. ग्लोव्ह्ज, गॉगल, उघडी खिडकी, लहान मुलं आणि कुत्रा दुसऱ्या खोलीत.

८. जे गेले त्यांचं

मेलेले मासे कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या किंवा कुंडीत खोल पुरा. जिवंत किंवा मेलेलं काहीही, टँकचे दगड आणि वाळूसुद्धा, तलावपाळी, उपवन किंवा खाडीत सोडू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि परदेशी जीव किंवा रोग तिथे पोचला तर परत काढता येत नाही.

घरात मुलं असतील तर "मासा फिरायला गेला" असं सांगू नका. माझ्या मुलीला सगळं दाखवलं, कोणता पंप, कोणतं तापमान, का गेला. ती खूप रडली आणि मग थर्मामीटरची वही तिनेच सुरू केली, आता रोज शाळेतून आल्यावर लिहिते. तुम्हालाही वाईट वाटेल, "मासाच तर होता" म्हणणारे भेटतील. वाटू द्या. दोन-चार वर्षं रोज सकाळी ज्याला खायला घातलं त्याच्यासाठी वाईट वाटणारच.

९. परत घ्यायचं कधी

रिकामी जागा बघवत नाही म्हणून त्याच रविवारी क्रॉफर्ड मार्केट गाठू नका. बिघडलेलं मशीन बदललंय, सलग दोन आठवडे अमोनिया शून्य आहे, तापमान दिवसभरात एक डिग्रीपेक्षा जास्त हलत नाही, इतकं झालं की मग सुरुवात. या काळात तपकिरी किंवा लाल शेवाळाचे थर येतील, ते अपेक्षित आहे, ओढून काढत राहा, औषध घालू नका.

आधी गोगलगायी आणि हर्मिट, मग एखादं चिवट सॉफ्ट कोरल, मग एक मासा. मासा वेगळ्या टँकमध्ये चारेक आठवडे ठेवूनच आत घ्या. तांब्याचं औषध द्यायचं तर ते त्या वेगळ्या टँकमध्येच, मुख्य टँकमध्ये गेलं तर कोरल आणि श्रिंप मरतात.

हार्ड कोरल घेताना बिल आणि ते कुठून आलंय याचे कागद मागा. भारतीय समुद्रातले सगळे हार्ड कोरल आणि सी-फॅन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये आहेत, समुद्रातून काढलेलं कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. मेलेल्या कोरलचा सांगाडा विकायचाही नाही.

पार्सलने मागवलं तर पिशवी उघडण्याआधीच व्हिडिओ सुरू करा, पिशवी न फोडता आतला जीव दोन्ही बाजूंनी दिसेल असा घ्या, आणि मेलेला निघाला तर किती तासांत कळवायचं हे विक्रेत्याला ऑर्डर देण्याआधीच लेखी विचारून ठेवा.